सिंधुबाईंनी उजळलेला डबा

एक समई घासून लख्ख झाली होती आणि दुसरी अजून चिंचेच्या कोळात काळीठिक्कर पडली होती, तेवढ्यात दोधू आबांनी तोंड उघडलं.

ओट्यावर सिंधुबाई फतकल मारून बसल्या होत्या. उद्या एकादशी, संध्याकाळी भजनी मंडळ घरी यायचं, म्हणून देवाची सगळी पितळ बाहेर काढली होती. समोर शेजारच्या प्रमिलाबाई बसल्या होत्या. त्या घासायला आल्या नव्हत्या. घासताना काय राहिलं ते दाखवायला आल्या होत्या.

"ललितनी माय," आबा खाटेवरूनच म्हणाले, "माले एक डाव केक कापाना शे."

सिंधुबाईंच्या हातातली काथ्याची घासणी थांबली. बायकोला पोराच्या नावाने हाक मारून आबांनी आजवर पाणी मागितलं असेल, टोपी मागितली असेल, फार तर लोणच्याची फोड मागितली असेल. लग्न होऊन या घरात आल्यापासून ह्या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं त्यांना आठवेना. धोतर विरलं तरी ते सांगत नसत, धोतरच सांगायचं. आणि आज एकदम केक!

प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "देखा व माय! दोधू आबाले केक पाहिजे! मेणबत्त्या फुंकाले दम तरी ऱ्हायना का छातीमा?"

आबा खाली मान घालून हसले. झालं होतं असं, की परवा नात रुचिकाचा वाढदिवस झाला. ललित, म्हणजे सिंधुबाईंचा मुलगा, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात कामाला. तो येताना शहाद्याहून केक घेऊन आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रुचिकाने सुरी फिरवली. आबा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. केकमध्ये अंडं आहे की नाही, याची खात्री कोणी छातीठोकपणे देईना, आणि आबांच्या गळ्यात माळ. त्यांनी आणि सिंधुबाईंनी तो तोंडात घातला नाही. खाण्याचं आबांना काही वाटलं नाही. पण ती सुरी, ते फुगे, सगळ्यांचं एकाकडेच बघणं, ते मात्र त्यांच्या डोळ्यात राहून गेलं.

"आते जूनना एक तारीखले मन्हाबी वाढदिवस येस," आबा म्हणाले. "पंच्याहत्तर भरतीन."

ही एक जूनची तारीख शाळेतल्या मास्तरांनी दिलेली. आबांची आई सांगायची, की दोधू झाला तेव्हा कापूस वेचायला मजूर मिळत नव्हते. म्हणजे पोर थंडीचं. पण मास्तरांना दाखल्यावर तारीख हवी होती, कापूस नको होता. त्यांनी जून लिहिला आणि आबा जूनचे झाले.

"मंग आनाले सांगा ललितले," प्रमिलाबाई म्हणाल्या, "शहादामा ढीग पडेल शे केकना."

इथे सिंधुबाई बोलल्या, आणि बोलल्या ते गल्लीला ऐकू जाईल असं. "दुकानना केक आते मन्हा घरमा येवाव नही. यासले केक मी करसू. मी सोता."

प्रमिलाबाईंनी हनुवटीवर बोट ठेवलं. "तू? केक?"

"खापरवर मांडा टाकस ना मी? मंग केक काय मोठा लागी गया!"

बोलून बसल्या. आता तो शब्द परत गिळता येण्यासारखा नव्हता, कारण तो प्रमिलाबाईंच्या कानात गेला होता. आणि दुसरीकडे आबांनी, ज्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं, त्यांनी खाटेवर पाय वर घेऊन असं निवांत तोंड केलं होतं, की जणू केक कापून झालाच.

सिंधुबाईंचा हा तोरा अगदीच हवेतला नव्हता. प्रकाशा ते शहादा या पट्ट्यात लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, खापरावरची पुरणपोळी म्हटलं की सिंधुबाईंना बोलावणं. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं, खाली जाळ करायचा, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि एका झटक्यात त्या तापलेल्या खापरावर टाकायचा. त्याला आमच्याकडे मांडा म्हणतात. सिंधुबाईंचा मांडा असा पडे की त्याला सुरकुती म्हणून नसे. नव्या सुना त्यांच्यापाशी बसून शिकत, आणि प्रत्येकीला त्यांचा पहिला धडा एकच असे: खापराला तेलाचा थेंबसुद्धा लावायचा नाही. तेल लागलं की मांडा सरकतो, एका बाजूला गोळा होतो, फाटतो. खापर तापलं की ते आपोआप सोडतं. हा नियम त्यांना सासूने दिला होता, सासूला तिच्या सासूने. देवाच्या नावाइतकाच तो त्यांच्या अंगात मुरला होता.

तर त्या दिवशी प्रमिलाबाई उठून गेल्या आणि थोड्या वेळाने रूथ आली. रूथ मूळची नवापूरकडची, शेजारच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. आबांचं ब्लडप्रेशर बघायला ती अधूनमधून येई. सगळा गाव तिला सिस्टर म्हणे. तिच्या माहेरी नाताळला घरीच केक होत, हे सिंधुबाईंना ठाऊक होतं. त्यांनी तिला सगळी हकिगत सांगितली.

"अहो मावशी, सोपं आहे," रूथ आबांच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "दह्याचा करा, बिनअंड्याचा. ओव्हन नको. मोठ्या पातेल्यात खाली मीठ पसरा, त्यावर कडं ठेवा, कड्यावर केकचा डबा, वर झाकण. डबा माझ्याकडे आहे. नवाकोरा आहे हं, त्याला अंडं लागलेलं नाही. उद्या कोणाला तरी उपकेंद्रावर पाठवा, देते."

"मीठवर? चाली."

"फक्त एक करा. डब्याला आतून तूप लावा, त्यावर मैदा भुरभुरवा, बुडाशी कागद घाला. नाहीतर चिकटेल."

सिंधुबाईंनी मान डोलावली. पण ती मान डोलावणं पाहुणीला 'या हं परत' म्हणताना डोलावतात तसं होतं. तूप लावायचं? डब्याला? मनातल्या मनात त्यांनी तो मुद्दा तिथेच बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी डबा आला. सून ममता उपकेंद्रावरून घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून स्वयंपाकात गेली. सिंधुबाई राहिलेली समई घासत होत्या. त्यांनी डबा हातात घेतला आणि त्यांचा जीव कळवळला. आतून बाहेरून काळाकुट्ट! तव्याच्या बुडासारखा.

"नवाकोरा म्हने! पोर नोकरीमा शे बिचारी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "भांडं घासाले येळ कव्हय भेटी तिले?"

आणि मग उपकाराची फेड म्हणून त्यांनी तो डबा पुढ्यात ओढला. चिंच लावली, राख लावली, तारेची घासणी घेतली. काळं काही केल्या हटेना. सिंधुबाई तरी कुठे हटणाऱ्या! पदर खोचला, वाळू आणली, हरिनाम सुरू केलं. त्या ओव्या म्हणत गेल्या आणि काळं निघत गेलं. समई राहिली बाजूला, पण दुपारपर्यंत डबा असा चकाकला की त्यात त्यांना आपली कुंकवाची टिकली दिसली.

ममता बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. "आई! ते काळं काढं का तुम्ही?"

"हां. कसं देखास आते?"

"आई, ते जळेल नव्हतं! ते तसंच ऱ्हास! चिटकू नही म्हनीसन कंपनीनी लायेल ऱ्हास ते!"

सिंधुबाईंनी डब्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. "कंपनीनी काळं लायं, मी उजाळं. आते चांगलं दिसस ना? मंग सिस्टरले काही सांगू नको."

ममता पदरात तोंड लपवून आत पळाली.

पहिला केक झाला त्या रविवारी. मैदा चाळला, दही फेटलं, साखर, सोडा, दूध, वेलची. रूथने सांगितलेलं सगळं सिंधुबाईंनी जसंच्या तसं केलं, फक्त एक सोडून.

"आई, सिस्टरनी सांगेल व्हतं, तूप लावानं," ममता म्हणाली.

"खापरले कव्हय तेल लावतंस का?"

"पण हाई खापर नही शे..."

"जाळ लागना का भांडं सोता सोडस. मी काय आज चूल पेटाडी ऱ्हायनू का?"

ममताने भांडं सासूपुढे सरकवलं. मिश्रण कोरड्या डब्यात गेलं. पातेल्यातून असा सुगंध सुटला की आबा खाट सोडून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. केक फुगला, वरून बदामी झाला. सिंधुबाईंनी फडक्याने डबा धरला, ताटात पालथा घातला, आणि खापरावरचा मांडा उचलतात तशा सहज हाताने वर उचलला.

ताट रिकामं.

पुन्हा पालथा घातला. ठोकला. हलवला. देवाचं नाव घेऊन जोरात ठोकला. तेव्हा मधला एक लगदा भस्सकन ताटात पडला, आणि बाकीचा केक डब्याला घट्ट मिठी मारून बसला. सुरी घातली तर सुरीला आला, उलथनं घातलं तर उलथन्याला आला. शेवटी डबा मधे ठेवून सगळ्यांनी चमच्याने खरवडला. आबांनी वाटीत दूध घेतलं, त्यात तो चुरा घातला आणि मिटक्या मारत खाल्ला.

"चांगला शे," ते म्हणाले. "हाऊ चमचानी खावाना केक शे का?"

त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं, आणि म्हणूनच सिंधुबाईंच्या जिव्हारी लागलं. हा माणूस चुऱ्यावरही खूश होईल, हे त्यांना माहीत होतं. त्यालाच तर त्या घाबरत होत्या. एकच गोष्ट मागितली बिचाऱ्याने, आणि ती कापायची गोष्ट. चुरा काय कापणार?

दुपारी प्रमिलाबाई मुद्दाम विरजण मागायला आल्या. ताटातला लगदा त्यांनी बघितला. "शिरा करा का व?" एवढंच म्हणून विरजण घेऊन गेल्या. त्या वळल्याबरोबर सिंधुबाईंनी मीठ-मिरच्या घेतल्या आणि डब्याची दृष्ट काढली. मिरच्या जळताना ठसका लागला नाही, त्यावरून दृष्ट जबरदस्त होती हे सिद्ध झालं.

दुसऱ्या खेपेला मात्र ममता हटून बसली. तूप नाही तर नाही, निदान बुडाशी कागद तरी घाला. सिंधुबाईंनी विचार केला, कागद म्हणजे काही तेल नव्हे. खापराच्या नियमात कागदाबद्दल काही म्हटलेलं नाही. "चाली, घाल," त्या म्हणाल्या.

पण कोणता कागद? वर्तमानपत्र त्यांनी बाजूला सारलं. त्यात खून, मारामाऱ्या, कुठल्या कुठल्या बातम्या. आबांच्या वाढदिवसाच्या केकखाली असलं काही नको. मग त्यांनी देवघराच्या कोनाड्यात जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका काढल्या. जाड कागद, हळदकुंकू लागलेला, मंगल कार्याचा. त्यातली सर्वांत देखणी पत्रिका निवडली. वर सोनेरी-लाल गणपती छापलेला. ती गोल कापून, गणपती वरच्या बाजूला ठेवून, त्यांनी डब्यात बसवली आणि हात जोडले. विघ्नहर्ताच खाली बसलाय म्हटल्यावर आता कसलं विघ्न?

केक झाला. पालथा घातला, ठोकला. कडा पुन्हा डब्याला चिकटून राहिल्या, पण मधला भाग, खरंच सांगते, कागदासकट सुटून ताटात आला. सिंधुबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी कागदाचं टोक धरून अलगद सोलून काढलं.

केकच्या बुडावर गणपती उमटला होता. सोनेरी किनार, लाल अंग, लाडू, उंदीर, सगळं. ममताने टाळ्या वाजवल्या. रुचिका फोन घेऊन धावली. आणि सिंधुबाईंनी जरा जवळ जाऊन बघितलं आणि किंचाळल्या.

"अरे देवा! उजवी सोंडना!"

कागदावरची सोंड डावीकडे वळलेली होती. केकवर ती उलटी उमटली आणि उजवीकडे वळली. आता उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय साधं प्रकरण आहे का? त्याचं कडक सोवळं. त्याला वेळच्या वेळी नैवेद्य. चुकलं की कोप. आणि तो बसलाय मैद्याच्या केकवर, ज्याला मुंग्या लागायला संध्याकाळसुद्धा लागणार नाही!

"कापता येवाव नही," आबा खिन्न होऊन म्हणाले. हातात घेतलेली सुरी त्यांनी हळूच खाली ठेवली. देवावर सुरी कोण चालवणार?

"रंगच तो, आबा, तसाबी खावाना नही," ममता म्हणाली. कडेचा राहिलेला चुरा पुन्हा वाटीत गेला, पुन्हा दूध आलं. आणि गणपतीचा तो गोल तुकडा सिंधुबाईंनी केळीच्या पानावर ठेवला, फूल वाहिलं, शेजारी दिवा लावला आणि रात्रभर त्याच्याभोवती हळदीची रेघ ओढून मुंग्यांना मज्जाव केला.

सकाळी त्यांना प्रकाशाला जायचंच होतं. तिथे एका घरी लग्नाचं जेवण, मांडे त्यांच्याकडे. पिशवीत एकीकडे त्यांनी आपलं खापर पुसायचं फडकं घातलं, दुसरीकडे डब्यात देव घेतला. तापीच्या काठावर उतरल्या, पाण्यात पाऊल ठेवलं, केळीच्या पानासकट गणपती सोडला. सवयीने "पुढच्या वर्षी" एवढं तोंडातून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली. खाली माशांनी एकच गर्दी केली. प्रसाद पावला, म्हणून त्या वर चढल्या, पण डोक्यात केकच होता. एक जून तोंडावर आला होता.

मांड्याच्या चुलीपाशी त्या दिवशी रविना नावाची त्या घरची नवी सून शिकायला बसली होती. हौस मोठी, घाई त्याहून मोठी. तिने परातीतून उंडा उचलला आणि हातावर घेतला. दुसऱ्या क्षणी तो उंडा तिच्या दहाही बोटांत अडकला. झटकते तर सुटेना, ओढते तर तुटेना. सगळ्या बायका खो खो हसू लागल्या.

"हातले तेलपानी नही लायं ना तू?" सिंधुबाई ओरडल्या. "किती डाव सांगं! कच्चा पीठले कोरडा, थंडा हात लागना का ते धरी ठेवस! हातले आधी तेल..."

आणि त्या वाक्याच्या मधेच थांबल्या.

खापरावर उंडा पडतो तेव्हा खापर तापून लाल असतं. पीठ टेकलं की भाजायला लागतं, भाजलं की सुटतं. म्हणून खापराला तेल लागत नाही. पण हात थंड असतो. म्हणून हाताला लागतं. आणि तो डबा? त्यात कच्चं मिश्रण ओतलं तेव्हा तो होता थंडगार. मग बसला कोपऱ्यातल्या पातेल्यात, हळूहळू तापत. तोवर मिश्रणाने त्याला घट्ट धरून ठेवलेलं. डबा म्हणजे खापर नव्हेच! डबा म्हणजे हात!

"अय माय," सिंधुबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या तेलकट पंजाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या दोन्ही गोष्टी करत होत्या, हाताला तेल आणि खापराला नाही, आणि केकच्या वेळी नेमकं उलटं पकडून बसल्या होत्या.

"काय व्हयनं, मावशी?" हात पुसत रविनाने विचारलं.

"काही नही. तुले शिकाडता शिकाडता माले समजनं."

घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. ममताला हाक मारली आणि जणू हा शोध सुनेलाच पहिल्यांदा सांगायचा आहे अशा थाटात म्हणाल्या, "डबाले तूप लावानं बरं का आते. मजारमा, आतल्या अंगले, समदीकडे."

"हां आई," ममता म्हणाली. ती किती गुणी सून आहे ते यावरून कळावं.

एक जूनची सकाळ. आबा अंघोळ करून, नवी टोपी घालून खाटेवर बसले होते आणि स्वयंपाकघराकडे बघत नसल्याचं दाखवत होते. सिंधुबाईंनी डबा घेतला. आधी देवापुढे धरला. मग बोटांवर तूप घेऊन आतून फिरवलं, बूड, कडा, आणि बूड-कडा मिळतात तो कोपरा, जिथे केक सगळ्यात जास्त दडी मारतो. थर पातळ ठेवला, हाताला लावतात तसा. मग मैदा भुरभुरवला, डबा गोल फिरवून सगळीकडे पसरवला, आणि उलटा करून जास्तीचा झटकून टाकला. बुडाशी घालायला ममताने शिवणाचे नमुने कापायला आणलेला खाकी कागद दिला. सिंधुबाईंनी तो दोन्ही बाजूंनी उजेडात धरून बघितला. कुठला देव, कुठलं नाव, काही नाही ना? नाही. मग तो गोल कापून बसवला आणि त्यालाही तुपाचं बोट लावलं.

पातेल्यात मीठ तापलं. डबा आत गेला. झाकण पडलं. प्रमिलाबाई याच वेळी वाटी घेऊन आल्या. काय मागायला आल्या ते त्या स्वतःच विसरल्या आणि चुलीपाशी बसल्या.

केक झाला. सगळ्यात अवघड काम आता होतं. रूथचा निरोप होता, गरम असताना काढू नका, निवू द्या. आणि सिंधुबाईंचा हात म्हणजे मांडा भाजला की क्षणभर थांबायचं माहीत नसलेला हात. तो हात आवरायला त्यांनी त्यात जपमाळ दिली. डब्यासमोर बसल्या आणि माळ ओढू लागल्या. मणी भराभरा सरकू लागले.

"इतली पळाडू नको व देवले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "धाप लागी त्याले."

माळ संपली. सिंधुबाईंनी डब्याच्या कडेने सुरी फिरवली, वर ताट ठेवलं, दोन्ही हातांनी घट्ट धरून उलटं केलं. ठोकलं.

काही नाही.

आबा दारात आले होते. प्रमिलाबाईंनी वाटी बाजूला ठेवून मान पुढे काढली होती. सिंधुबाईंनी डोळे मिटले, पुन्हा एकदा ठोकलं.

थप्.

आवाज असा आला की सगळ्यांना कळला. डबा वर उचलला. ताटात केक. अख्खा. कडांसकट, कोपऱ्यांसकट, वर खाकी टोपी घातल्यासारखा कागद घेऊन. सिंधुबाईंनी कागद सोलला. तो केसाएवढासुद्धा केक न घेता निघाला. आणि त्यांनी आत डोकावून बघितलं, डबा इतका स्वच्छ होता की पुन्हा टिकली दिसली.

"शिरा नही दिसत हाऊ," प्रमिलाबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"नही दिसत," सिंधुबाई म्हणाल्या. इतकंच. जास्त बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी अंगणात चटई अंथरली. आबांनी पारावरच्या मित्रांना चहाला बोलावलं होतं. रूथही आली होती. रुचिकाने मेणबत्ती आणली, पण सिंधुबाईंनी ती बाजूला ठेवली. शुभ दिवशी ज्योत फुंकून विझवायची हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. त्यांनी दोन्ही समया आणल्या, दोन्ही लख्ख, आणि लावल्या. फुंकायचं काम राहिलंच नाही, त्यामुळे आबांच्या दमाचा प्रश्नही मिटला.

आबांनी सुरी हातात घेतली. तेवढ्यात रेवजी नाना पुढे सरकले आणि म्हणाले, "दोधू, जरा थांब. आज मन्हाबी वाढदिवस शे."

"तुन्हाबी?"

"दाखलावर एक जून शे मन्हा."

"मन्हाबी," दलपत आबा मागून म्हणाले.

मग "मन्हाबी", "मन्हाबी" अशी ओळ लागली. मास्तरांनी ज्या ज्या पोराचा बाप तारीख सांगू शकला नाही, त्या त्या पोराला एक जून दिला होता, आणि ती सगळी पोरं आता पांढऱ्या मिशा घेऊन अंगणात बसली होती. कोणाच्याच नावाचा केक आजवर झाला नव्हता. आबांनी सिंधुबाईंकडे बघितलं. सिंधुबाईंनी मान हलवली. मग सगळ्या म्हाताऱ्यांनी त्या एका सुरीवर हात ठेवले, काहींचे मुठीवर, काहींचे मनगटावर, शेवटच्याचा नुसता आबांच्या कोपराला. रुचिका फोटो काढताना इतकी हसत होती की सगळे फोटो हलले.

केक कापला गेला. सुरीला चिकटलासुद्धा नाही.

आबांनी पहिला तुकडा उचलला, इकडे तिकडे बघितलं, लाजले आणि चारचौघांत सिंधुबाईंच्या हातावर ठेवला. "चिटकेल व्हता तोबी चांगला व्हता," ते हळूच म्हणाले. "पण हाऊ कापाले भेटना."

सिंधुबाईंनी तुकडा कपाळाला लावला आणि पदराने डोळा पुसला. समईचा धूर गेला म्हणाल्या.

सगळे उठले तेव्हा ममता ताटं गोळा करत होती आणि रूथ मदतीला आत गेली. ओट्यावरचा चकचकीत डबा तिने हातात घेतला, फिरवून बघितला. "मावशी, नवीन डबा घेतला का? छान आहे. आणि माझा काळा डबा कुठे आहे?"

ममता ताटं घेऊन जी पळाली ती परसात दिसली. सिंधुबाईंनी बघितलं, पळायला आपल्याला जागा नाही.

"तोच शे हाऊ," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, तुले घासाले येळ नही भेटत."

रूथने डबा बघितला, मावशींना बघितलं आणि ओट्याला टेकून हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मावशी, राहू दे. आता हा तुमचाच. ह्याला तुमच्याच हाताची सवय झाली."

पण घेतलेलं भांडं परत न करणं सिंधुबाईंच्या घराण्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्यांनी पिशवी घेतली, नमुन्याला तो चकचकीत डबा आत घातला आणि शहाद्याच्या जीपची वाट बघत फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. भांड्यांच्या दुकानातून सिस्टरसाठी याच मापाचा एक डबा आणायचा होता, काळाच.